गिऱ्हाईक आणलं कुणी, कमिशन घेतलं कुणी?

पत्र

नमस्कार. सुलेखन शिकवणारी माझी एक छोटी वेबसाइट आहे. व्हिडिओंचा एक कोर्स आणि नीब, शाई, कागद असा साहित्याचा एक संच, एवढ्या दोनच गोष्टी मी विकते. काही महिन्यांपूर्वी अफिलिएट प्रोग्राम सुरू केला, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या खास लिंकवरून विक्री झाली की त्याला कमिशन. बरेच जण तीस टक्के देतात असं वाचून मीही सरसकट तीस टक्के ठेवले आणि फॉर्म भरेल त्याला लिंक देत गेले. नावं भरपूर आली, पण विक्री चार-पाच जणांकडूनच होते. त्यातही निम्म्याहून जास्त कमिशन एकाच कूपन साइटला (दुकानांचे सवलतीचे कोड गोळा करून दाखवणारी साइट) जातं. एकूण विक्री मात्र आधी होती तेवढीच आहे आणि हातात पैसे कमी उरतात. या साइटला पैसे द्यावेच लागतील का? प्रोग्राम बंद करू की चालू ठेवू? चालू ठेवायचा तर नीट कसा चालवायचा?

उत्तर

नमस्कार,

आधी तुमच्या थेट प्रश्नांची उत्तरं देते. कूपन साइटचं आजवरचं कमिशन द्यावं लागेल. तुम्ही त्यांना कूपनबद्दल कुठलीही अट घातली नव्हती, त्यामुळे तुमच्या नियमांप्रमाणे ते पैसे त्यांचे झाले आहेत. आणि प्रोग्राम बंद करू नका. त्याची मांडणी चुकली आहे, पण ती बदलता येते.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात: विक्री आधी होती तेवढीच आहे. म्हणजे कमिशन जातंय, पण त्या बदल्यात नवीन गिऱ्हाईक येत नाही. आपणहून येणाऱ्या लोकांवर तुम्ही आता तीस टक्के मोजताय. हे कसं घडतं ते एकदा नीट पाहा, म्हणजे पुढचे सगळे निर्णय सोपे होतील.

ऑर्डरची यादी काढा आणि कूपन साइटच्या नावावर पडलेल्या प्रत्येक ऑर्डरपुढे तीन गोष्टींची वेळ लिहा: गिऱ्हाईक तुमच्या साइटवर पहिल्यांदा कधी आलं, अफिलिएट लिंकवर क्लिक कधी झालं आणि पैसे कधी भरले गेले. बहुतेक ओळी अशा दिसतील. एक बाई मंगळवारी सर्च करून तुमच्या साइटवर आल्या, नमुन्याचा व्हिडिओ पाहिला, ईमेल देऊन गेल्या. शुक्रवारी तुमच्याच ईमेलमधून परत आल्या आणि 9 वाजून 12 मिनिटांनी कोर्स कार्टमध्ये टाकला. पैसे भरायच्या पानावर त्यांना ‘कूपन कोड’ असं लिहिलेला रिकामा चौकोन दिसला. कोड असणारे लोक कमी पैसे देत असणार, हे त्या चौकोनामुळेच त्यांच्या मनात आलं. त्यांनी दुसरा टॅब उघडून तुमच्या साइटचं नाव आणि पुढे ‘कूपन’ असं शोधलं. 9 वाजून 14 मिनिटांनी कूपन साइटवर ‘कोड दाखवा’ हे बटण दाबलं. ते बटण म्हणजे तुमची अफिलिएट लिंक. ती उघडली आणि बाईंच्या ब्राउझरमध्ये कूपन साइटची कुकी, म्हणजे क्लिक कुणाच्या लिंकवरून झाला याची छोटी नोंद, बसली. 9 वाजून 15 मिनिटांनी बाईंनी पैसे भरले. तुमच्या सॉफ्टवेअरने शेवटचा क्लिक कुणाचा ते पाहिलं आणि कमिशन कूपन साइटच्या नावावर लिहिलं. कोड चालला की नाही याला काहीच महत्त्व नाही. मुदत संपलेला कोड असला तरी क्लिक मोजला जातोच.

शेवटच्या क्लिकला सगळं श्रेय देण्याची ही पद्धत जवळपास सगळीकडे रूढ आहे, कारण ती हिशेबाला सोपी आहे. पण तिच्यात बक्षीस मिळतं ते गल्ल्याजवळ उभं राहणाऱ्याला. गिऱ्हाईक घेऊन येणारा मागे पडतो. मोठ्या जगातही हाच वाद आहे. 2024 च्या डिसेंबरात एका प्रसिद्ध कूपन एक्स्टेन्शनवर (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) असाच आरोप झाला, की पैसे भरायच्या क्षणी ते इतरांची अफिलिएट कुकी काढून स्वतःची बसवतं. पुढे 2025 च्या मार्चमध्ये गुगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनसाठी नियम कडक केले: वापरणाऱ्याला प्रत्यक्ष फायदा होत नसेल तर एक्स्टेन्शनने अफिलिएट लिंक किंवा कोड घालायचा नाही.

तुमच्याकडे करण्यासारखी पहिली गोष्ट त्या चौकोनाची आहे. तो काढून टाका. तुमच्या अफिलिएटांना वाचकांसाठी सवलत हवी असेल तर ती लिंकमध्येच बांधा, म्हणजे त्या लिंकवरून येणाऱ्याला किंमत आपोआप कमी दिसेल. चौकोन ठेवणं भागच असेल तर तो उघडा न ठेवता ‘माझ्याकडे कोड आहे’ अशा बारीक ओळीमागे ठेवा. दुसरी गोष्ट नियमांची. कूपन आणि कॅशबॅक साइटना घ्यायचंच नाही, किंवा घेतलं तर फक्त नवीन गिऱ्हाईकावर आणि अगदी कमी दराने, हे स्पष्ट लिहा. माझं मत विचाराल तर दोनच वस्तू विकणाऱ्या साइटला त्यांची गरज नाही. त्यांना तसं सभ्यपणे कळवा, बदल कोणत्या तारखेपासून लागू होईल ते सांगा आणि तोवरचे पैसे चोख द्या.

आता दराकडे येऊ. हातात पैसे कमी का उरतात याचं दुसरं कारण त्या सरसकट तीस टक्क्यांत आहे. कोर्सची किंमत 100 धरू. त्यातले 3 पेमेंट गेटवेला, 5 रिफंडपोटी आणि 7 व्हिडिओ ठेवण्याच्या व मदतीच्या खर्चात गेले, तर 85 उरतात. इथे तीस टक्के देणं जड आहे, पण तुम्ही तगून राहाल. आता संचाची किंमतही 100 धरा. साहित्याला 52, पॅकिंगला 6, गेटवेला 3, फुटलेल्या-परत आलेल्या मालापोटी 4. हाती उरले 35. त्यातले 30 कमिशनचे गेले की तुम्हाला 5. आणि कूपनवर दहा टक्के सवलत मिळाली असेल तर गिऱ्हाईक देतं 90, खर्च तोच 65, कमिशन 27. म्हणजे तुम्ही नीब मोजून, शाई बांधून संच पाठवता आणि वर पदरचे 2 घालता. हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुमचे खरे आकडे घालून ही बेरीज आज संध्याकाळीच करा. दुसऱ्याचा टक्का आपल्याला कधीच लागू पडत नाही, कारण त्याचा खर्च आपल्याला दिसत नसतो.

छोट्या साइटसाठी मी एक ठोकताळा सांगते: सगळे खर्च वजा जाऊन जे उरतं त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कमिशन देऊ नका. वरच्या उदाहरणात कोर्सवर साधारण 25 टक्के आणि संचावर 10 टक्के बसतात. दोन वस्तूंना दोन दर ठेवायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. कमिशन कर आणि टपालखर्च वगळून, सवलत वजा जाऊन मिळालेल्या रकमेवर धरायचं, हेही लिहून ठेवा. हे लिहिलेलं नसलं की पहिल्याच महिन्यात वाद होतो.

दर एकदाच, पण विचार करून बदला. वाढवणं कधीही सोपं असतं. कमी करणं म्हणजे लोकांनी जे धरून मेहनत केली ते काढून घेणं. अमेझॉनने 2020 च्या एप्रिलमध्ये फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या वस्तूंवरचा दर आठ टक्क्यांवरून तीनवर आणला आणि त्यासाठी जेमतेम आठवड्याभराची मुदत दिली. त्या विषयांवर वर्षानुवर्षं लिहिणाऱ्यांचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याच्याही खाली गेलं. अमेझॉनला ते परवडलं. तुमच्या पाच विकणाऱ्यांपैकी दोन जण निघून गेले तर तुम्हाला परवडणार नाही. म्हणून त्या प्रत्येकाला स्वतः लिहा, बेरीज उघड करून दाखवा, महिना-दोन महिन्यांची मुदत द्या आणि हा दर निदान वर्षभर बदलणार नाही असं वचन द्या. दर कमी झाल्यापेक्षा तो का आणि कधी झाला हे न कळण्याने लोक जास्त दुखावतात.

साधनांबद्दल फार डोकं शिणवू नका. अफिलिएट नेटवर्कवर, म्हणजे विक्रेते आणि अफिलिएट यांना जोडणाऱ्या कंपनीकडे, गेलात तर तयार अफिलिएट, हिशेब आणि पैसे वाटप त्यांच्याकडे राहतं; त्या बदल्यात ते सुरुवातीची फी किंवा कमिशनच्या वर स्वतःचा हिस्सा घेतात. तुमच्या आकाराला आपल्या साइटवर चालणारं साधं सॉफ्टवेअर पुरे. तुमच्याकडे ते आहेच, तेच ठेवा. त्यात फक्त तीन गोष्टी हव्यात: वस्तूप्रमाणे दर, रिफंड झाला की कमिशन आपोआप रद्द होणं आणि अफिलिएटला स्वतःचे क्लिक व ऑर्डर पाहता येणं. तिसरी गोष्ट नसेल तर लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

कुकी मात्र जरा समजून घ्या. क्लिकनंतर किती दिवसांत झालेली खरेदी अफिलिएटची धरायची, ही मुदत तुम्ही ठरवता. अमेझॉन साधारणपणे 24 तासच धरतं, पण तिथे माणूस लगेच काही ना काही घेतो. सुलेखनाचा कोर्स घेणारं माणूस आधी विचार करतं, वेळ मिळेल का ते पाहतं, पगाराची वाट पाहतं. तीस दिवस ही तुमच्यासाठी रास्त मुदत आहे. अडचण अशी की तुम्ही तीस दिवस म्हटलं तरी ब्राउझर ते मानेलच असं नाही. 2019 पासून सफारी हा ॲपलचा ब्राउझर पानावरच्या जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी फार तर सात दिवस टिकू देतो. काही लिंकांच्या बाबतीत तर एकच दिवस. म्हणजे आयफोनवर लिंक उघडून दहाव्या दिवशी कोर्स घेणाऱ्याचं कमिशन अफिलिएटला मिळत नाही आणि दोघांनाही ते कळत नाही. कुकी सर्व्हरकडून ठेवली जाईल अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे का ते विचारा. जोडीला प्रत्येक अफिलिएटला त्याचा स्वतःचा कोड द्या, म्हणजे कुकी गेली तरी कोडवरून ऑर्डर कुणामुळे आली ते कळेल. हे कोड चालवायचे तर चौकोन पूर्ण काढता येणार नाही, बारीक ओळीमागे लपवावा लागेल. त्याआधी हा मेळ नीट बसवा: त्यांचे कोड चालायला हवेत, पण बाहेर शोधून मिळणारे सार्वत्रिक कोड उरायला नकोत. एखादा कोड कूपन साइटवर सापडला की तो बंद करून त्या अफिलिएटला नवा द्या.

बदल केल्यावर स्वतः ऑर्डर देऊन पाहा. फोनवरून, कॉम्प्युटरवरून, दोन वेगळ्या ब्राउझरमधून, आणि एक रिफंड करूनही. कमिशन कुठे पडलं आणि कुठे नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणालाही नवीन लिंक पाठवू नका.

आता माणसं. नावं भरपूर आणि विकणारे चार-पाच, याचं वाईट वाटून घेऊ नका. उघड्या फॉर्मचं हेच होतं. फॉर्म भरायला एक मिनिट लागतं, विकायला मनापासून काहीतरी सांगावं लागतं. तुमची खरी माणसं तुमच्या कोर्सच्या यादीत आहेत. ज्यांनी तो शेवटपर्यंत पूर्ण केला, ज्यांनी आपल्या अक्षराचे आधीचे आणि नंतरचे फोटो पाठवले, ज्यांनी मैत्रिणीला आपणहून सांगितलं, त्यांना शोधा. त्यातल्या दहा जणांना वेगवेगळं पत्र लिहा. तोच मजकूर सगळ्यांना पाठवू नका. ‘तुमचा देवनागरीचा सराव पाहिला, विशेषतः जोडाक्षरं, तुम्ही लोकांना हे दाखवत असाल तर माझ्या कोर्सची लिंक द्यायला आवडेल का? तुमच्या लिंकवरून कुणी कोर्स घेतला तर त्याचा चौथा हिस्सा तुमचा,’ एवढं पुरतं. त्यानंतर चित्रकलेचे, हस्तकलेचे, डायरी लिहिण्याबद्दलचे चॅनेल चालवणारे. वाचक किंवा प्रेक्षक किती आहेत यापेक्षा ते त्यांचं ऐकतात का, हे प्रतिक्रियांमधून बघा.

त्यांना वापरायला काहीतरी द्या. मोठमोठे बॅनर कुणी लावत नाही. एका अक्षराचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, संच उघडून मांडलेला स्वच्छ फोटो, कोर्समध्ये नेमकं काय आहे आणि काय नाही याची प्रामाणिक माहिती, आणि लोक नेहमी विचारतात त्या पाच प्रश्नांची उत्तरं. अफिलिएटने कोर्स पाहिलेला असायलाच हवा. नसेल तर त्याला फुकट द्या. न वापरलेल्या वस्तूची स्तुती लांबून ओळखू येते आणि त्यातून येणारं गिऱ्हाईक रिफंड मागतं.

याच ठिकाणी एक अट जी मी कधीच सोडणार नाही: लिंकमधून कमिशन मिळतं हे वाचकाला सांगितलं गेलंच पाहिजे. लिंकच्या जवळ, साध्या शब्दांत. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लपवून नाही. अनेक देशांत हा कायद्याचा भाग आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्ये आपल्या मार्गदर्शक नियमांत ब्लॉग लिहिणाऱ्यांनाही आणलं आणि 2023 मध्ये ते नियम पुन्हा सुधारले. त्यात जाहिरातदारही, म्हणजे इथे विकणाऱ्या तुम्हीही, जबाबदार धरला जाऊ शकतो. तुमच्या देशाचा नियम पाहून घ्या, पण नियम नसला तरी अट ठेवा. शिकवणाऱ्या माणसाच्या नावावर लपवाछपवी शोभत नाही. शिवाय लेखातल्या अशा लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ ही तांत्रिक खूण लावायला सांगा. पैसे देऊन मिळालेल्या लिंका ओळखता याव्यात म्हणून गुगलने ती 2019 मध्ये आणली.

फसवणुकीची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण उघड्या फॉर्मबरोबर ती येतेच. तीन प्रकार ओळखून ठेवा. पहिला, स्वतःच्याच लिंकवरून स्वतः खरेदी करणं. अफिलिएटचा आणि गिऱ्हाईकाचा ईमेल, पत्ता, कार्ड जुळतंय का ते बघा. यात बहुतेकदा कपट नसतं, माणसाला ती सवलतच वाटते, तेव्हा नियम सांगून सोडून द्या. दुसरा, तुमच्याच साइटच्या नावावर सर्चमध्ये जाहिरात चालवणं. तुमचं नाव शोधणारं माणूस तुमच्याकडेच येत होतं. मध्ये जाहिरात टाकून त्याचं कमिशन घेतलं जातं. ‘आमच्या नावावर जाहिरात चालणार नाही,’ ही ओळ नियमांत हवी आणि महिन्यातून एकदा वेगवेगळ्या वेळी स्वतःचं नाव शोधून पाहायला हवं. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: न क्लिक करताच लोकांच्या ब्राउझरमध्ये कुकी घुसवणं. ईबेच्या प्रोग्राममध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं आणि 2014 मध्ये त्या प्रकरणात अफिलिएटांना तुरुंगात जावं लागलं. तुमच्याकडे त्याची खूण अशी दिसेल की एखाद्याचे क्लिक अफाट, विक्री नगण्य, आणि क्लिक कुठून आले याचा पत्ता नाही. असं दिसलं की आधी विचारा: ‘लिंक कुठे लावली आहे, पान दाखवा.’ खरा माणूस लगेच दाखवतो.

पैसे लगेच देऊ नका, पण ठरलेल्या तारखेला नक्की द्या. तुमची रिफंडची मुदत तीस दिवसांची असेल तर कमिशन तीस दिवसांनी पक्कं होईल आणि त्यानंतरच्या महिन्याच्या एका ठरावीक तारखेला जाईल, असं ठेवा. ही रोखून ठेवायची मुदत आधी सांगितली की कुणी तक्रार करत नाही. किमान रक्कम ठेवायची असेल तर इतकी मोठी नको की दोन कोर्स विकणाऱ्याला वर्षभर वाट पाहावी लागेल. पैसे पाठवण्याआधी करासाठी लागणारी त्यांची माहिती घेऊन ठेवा आणि हिशेबाचा कागद सोबत जाऊ द्या: कोणती ऑर्डर, किती रक्कम, कोणता दर, काय रद्द झालं आणि का. रद्द झालेल्या ऑर्डरचं कारण लिहिलं नाही तर माणसाला तुम्ही खोटं बोलताय असं वाटायला लागतं.

प्रोग्राम चालतोय का हे एकूण कमिशनवरून पाहू नका. अफिलिएटांमुळे पहिल्यांदाच आलेली गिऱ्हाइकं किती, त्यांनी पुढे संचही घेतला का, आणि रिफंड किती मागितले, हे तीन आकडे दर महिन्याला एका वहीत उतरवा. तीन-चार महिन्यांनी कुणाचा दर वाढवायचा ते त्यातूनच ठरेल. एखादी बाई महिन्याला दोनच कोर्स विकते, पण तिच्याकडून आलेली दोन्ही माणसं कोर्स पूर्ण करतात आणि संच घेतात, असं दिसलं तर वचन दिलेल्या दराच्या वर तिला आपणहून द्या आणि का देताय ते कळवा.

आणि ती फॉर्म भरून गप्प बसलेली नावं. फॉर्म भरला की लगेच लिंक देणं आता बंद करा. यापुढे अर्ज आला की साइट पाहून तुम्ही स्वतः हो किंवा नाही म्हणाल. जुन्या नावांना एक पत्र पाठवा: नवीन नियम, नवीन दर, आणि ‘सुरू ठेवायचं असेल तर महिन्याभरात उत्तर द्या.’ उत्तर येणार नाही त्यांच्या लिंक बंद करा, पण त्या लिंकवरून येणारं माणूस तुमच्या पहिल्या पानावर पोचेल अशी सोय ठेवा, नाहीतर कुणाच्या तरी जुन्या लेखातली लिंक मोडेल. लिंक बंद करताना कुणाच्या नावावर थोडंफार कमिशन साठलं असेल तर ते किमान रकमेच्या खाली असलं तरी देऊन टाका.